निवडपत्र ते प्रवेशद्वार : चाळीतून प्रबोधिनीकडे

स्मरणिकेच्या संपादक मंडळींनी यंदा आमच्याकडून इतिहासविषयक लेख मागितला. इतिहास म्हटला म्हणजे आपल्या स्मरणिकेत मूळ गावांचा, कुलदैवतांचा व देणगीदारांचा इतिहास येतो, आणि तो यावाच. परंतु आम्ही छत्तीस वर्षे परळच्या एका प्राथमिक शाळेत खडू झिजविला. आमची दृष्टी मुलांपलीकडे फारशी जात नाही. म्हणून, ज्या विषयी पालक आजही आमच्या घरी विचारावयास येतात, त्याच विषयाचा थोडा मागोवा येथे घेतो. लष्करी शिक्षणसंस्थेत निवड झाल्याचे पत्र हाती पडते त्या दिवसापासून मुलगा तेथील दारात पाऊल ठेवीपर्यंत जे तीन-चार आठवडे जातात, त्यांचा हा इतिहास आहे. परीक्षेची पुस्तके बाजारात ढिगाने मिळतात. पराक्रमाचे पोवाडे झालेलेच आहेत. मधल्या ह्या दिवसांकडे मात्र कोणी पाहत नाही. आमच्या अनुभवाने सांगावयाचे तर ह्या दिवसांत मुलाची परीक्षा नसतेच. ती घराची असते.

ह्या इतिहासाचा आरंभ आपल्या मुंबईच्याच बंदरावर होतो. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ पासून, इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात हिंदी तरुणांस दरसाल १० जागा मिळू लागल्या. तत्पूर्वी बादशाही कमिशनचा दरवाजा आपल्या लोकांस जवळजवळ बंदच होता. सँडहर्स्टला जावयाचे म्हणजे विलायतेची आगबोट धरावयाची, आणि देशाच्या अंतर्भागातून आलेली कितीतरी मुले बॅलार्ड पियरच्या धक्क्यावरूनच आप्तांचा निरोप घेत. पत्र आले की घरात काय धावपळ होत असेल ते ताडता येते : बोटीचे भाडे, विलायती थंडीचे कपडे, तेथील फी आणि वरखर्च. हा सारा भार पालकांवर असे, म्हणून ही वाट संस्थानिक, सरदार, जमीनदार आणि सरकारदरबारी वजन असलेली घराणी यांच्यापुरतीच राहिली. शिवाय ‘लढाऊ जमाती’ आणि ‘बिनलढाऊ जमाती’ हा सरकारचा भेद होताच. मुलाचे हाड मोजण्यापूर्वी त्याची जात मोजली जाई. महार समाजाची सैन्यातील जुनी सेवा विसरून त्यांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पाडण्यात आली, आणि महार रेजिमेंट उभी राहावयास १९४१ साल उजाडले. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ही गोष्ट लिहून ठेवणे उचितच होय.

तरीही त्या अरुंद वाटेने आपल्याकडील काही मंडळी गेली. कोल्हापूरकडील शंकरराव थोरात सँडहर्स्टचे शिक्षण घेऊन अधिकारी झाले आणि पुढे १९५७ ते १९६१ पर्यंत पूर्व विभागाचे सेनापती होते. परंतु अशी नावे बोटांवर मोजता येत. १९२५ साली नेमलेल्या स्कीन समितीने हिंदुस्थानातच लष्करी महाविद्यालय काढावे अशी सूचना केली, आणि १ ऑक्टोबर १९३२ रोजी डेहराडून येथे इंडियन मिलिटरी ॲकॅडमी सुरू झाली. पहिल्या तुकडीत ४० जण होते. त्यांपैकी १५ खुल्या स्पर्धेतून, १५ सैन्याच्या रांगांतून आणि १० संस्थानी फौजांतून घेतले होते. पुढे फील्डमार्शल झालेले सॅम माणेकशॉ ह्याच ४० पैकी. बोटीचे भाडे वाचले, समुद्र आडवा राहिला नाही. पण गिरगावातल्या कारकुनाच्या घरातून डेहराडून अद्यापि दूरच होते.

आमच्या मनात मात्र ह्या विषयाचे पहिले चित्र डेहराडूनचे नाही, ते माझगावचे आहे. आमचे मामा गोदीत फिटर होते. सुटीच्या दिवशी ते आम्हांस धक्क्यावर नेत आणि पाण्यात उभे असलेले एक जुने जहाज दाखवीत. ते ‘डफरीन’. १९०४ साली बांधलेले हे जहाज मुळात सैन्याची ने-आण करण्यासाठी होते; १९२७ साली त्याचे व्यापारी आरमाराच्या उमेदवारांसाठी शिक्षणजहाजात रूपांतर झाले. मुले जहाजावरच राहत, तेथेच शिकत, तेथेच झोपत. काटेकोर बोलावयाचे तर ही लष्करी संस्था नव्हे, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय नौदलप्रमुख ॲडमिरल रामदास कटारी हे ह्याच जहाजाच्या पहिल्या तुकडीतील. आणि १९८७ ते १९९० पर्यंत नौदलप्रमुख असलेले ॲडमिरल जयंत नाडकर्णी हेही ‘डफरीन’चेच विद्यार्थी. १९७२ साली ‘डफरीन’ची जागा ‘राजेंद्र’ने घेतली आणि १९९३ पासून ते शिक्षण नवी मुंबईतील ‘चाणक्य’ ह्या जमिनीवरच्या संस्थेत चालते.

मामा म्हणत, “पोरं टिनाची पेटी घेऊन होडीत बसतात आणि मागं वळून बघत नाहीत, बघतात ते धक्क्यावरचे.” लालबागहून माझगावचा धक्का चालत पाऊण तासाचा. होडीचा प्रवास तर काही मिनिटांचा. असे असूनही आमच्या चाळीतून त्या होडीत कोणी बसल्याचे आम्हांस आठवत नाही. जहाज दिसत होते, पण तेथे जाण्यासाठी काय करावे लागते हे सांगणारा एकही माणूस आमच्या ओळखीत नव्हता.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. भूदल, नौदल व हवाईदल ह्या तिन्ही दलांच्या उमेदवारांनी आरंभी एकत्र शिकावे ही कल्पना दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पुढे आली होती. १ जानेवारी १९४९ रोजी डेहराडूनजवळ क्लेमेंट टाउन येथे तिचा प्रत्यक्ष आरंभ झाला. कायमच्या जागेसाठी पुण्याजवळील खडकवासला निश्चित झाले. शेजारी तलाव, समोर सिंहगड आणि तत्कालीन मुंबई राज्याने देऊ केलेली ८,०२२ एकर जमीन! ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी कोनशिला बसविली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे उद्घाटन झाले. प्रबोधिनीची घुमट असलेली मुख्य इमारत ‘सुदान ब्लॉक’ ह्या नावाने ओळखली जाते. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या लढाईत सांडलेल्या हिंदी जवानांच्या रक्ताचे स्मरण म्हणून सुदानने १ लाख पौंडांची देणगी दिली होती. फाळणीनंतर त्यातील जो हिस्सा भारताच्या वाट्यास आला त्याचा उपयोग ह्या इमारतीसाठी झाला. परक्या देशाने आपल्या शिपायांची आठवण अशी दगडात राखावी ही गोष्ट आम्ही दरवर्षी चौथीच्या मुलांस सांगत असू. पाठ्यपुस्तकात ती नव्हती, पण सांगत असू.

चाळीच्या दृष्टीने खरा फरक घुमटाचा नव्हता. येथे राहण्याजेवण्याचा, पुस्तकांचा, गणवेशाचा आणि औषधोपचाराचा खर्च शासन करते. ज्ञातीच्या नावे राखीव जागा नाहीत, कोणाची शिफारस चालत नाही. आणि पुणे काय, सकाळी दादरला गाडीत बसले की न्याहारीच्या वेळेस पोचते! सँडहर्स्टपासून खडकवासल्यापर्यंतच्या ३७ वर्षांत ही वाट संस्थानिकाच्या वाड्यावरून गिरणी कामगाराच्या खोलीपर्यंत आली. पैशाचा अडसर बव्हंशी दूर झाला. मागे उरला तो कागदाचा अडसर, आणि त्याविषयी आम्हांस स्वतःची एक चूक सांगावयाची आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लक्ष कामगार घरी बसले. त्या जूनमध्ये आमच्या शाळेत पहिलीच्या प्रवेशासाठी एक बाई मुलाला घेऊन आल्या. नवरा संपात, मुंबईत राहून काय खायचे म्हणून तो साताऱ्याकडील गावी शेतीवर गेलेला. बाई खानावळीचे डबे करीत. आम्ही नोकरीस लागून वर्षच झाले होते. प्रवेशाची रांग लांब होती. वडिलांचे नाव विचारले, तर बाई गप्प. नवऱ्याचे नाव तोंडाने कसे घ्यावयाचे? मागे उभ्या असलेल्या शेजारणीने चाळीत त्या गृहस्थाला ज्या नावाने हाक मारीत ते नाव सांगितले. आम्ही तेच नाव सुवाच्य अक्षरात दाखलपुस्तकात लिहिले. ते खरे नाव आहे की हाकेचे, एवढा एक प्रश्न आम्ही विचारला नाही.

१९९४ च्या जूनच्या पहिल्या आठवड्यात तोच मुलगा, आता आमच्याहून हातभर उंच, दारात उभा राहिला. खडकवासल्यास निवड झाली होती. हाती पत्र होते आणि चेहरा उतरलेला होता. निवडीनंतर पालकांनी सही करून द्यावयाचे दोन कागद असतात. पहिला असा की, प्रशिक्षणात इजा झाली तर नुकसानभरपाई मागणार नाही. दुसरे बंधपत्र : मुलगा स्वतःच्या इच्छेने शिक्षण अर्धवट टाकून आला, तर शासनाचा झालेला खर्च परत करावा लागेल. वडील गावाहून सही करावयास आले होते. त्यांनी आपल्या खऱ्या नावाने सही केली, तेच नाव शिधापत्रिकेवर होते. मुलाच्या शालान्त प्रमाणपत्रावर मात्र पित्याचे नाव निराळेच. आमच्या दाखलपुस्तकातले नाव दाखल्यावर गेले, तेथून माध्यमिक शाळेत आणि तेथून शालान्त मंडळात. बारा वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही. कागदावर पाहावे तर मुलगा एकाचा आणि सही दुसऱ्याची!

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही, हे लिहिण्यास संकोच वाटत नाही. शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदीत शाळेला परस्पर फेरफार करता येत नाही. मंडळाकडून प्रमाणपत्र दुरुस्त करून घ्यावयाचे तर तेवढे दिवस हाती नव्हते. अखेर भोईवाड्याच्या न्यायालयात दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र झाले. सोबत दाखलपुस्तकातील नोंदीचा उतारा जोडला आणि ती नोंद कशी झाली हे सांगणारे पत्र आम्ही स्वतःच्या सहीने दिले. आमच्या इंग्रजीचा आवाका मॅट्रिकचा; पत्र मुलानेच लिहिले, आम्ही सही केली. शिक्षकाने आपली चूक विद्यार्थ्याकडून शुद्ध इंग्रजीत लिहवून घ्यावी, असा योग फार थोड्यांच्या वाट्यास येत असेल.

कागदांची ही धावपळ चालू असता शरीराची तयारी थांबून चालणार नव्हती. प्रबोधिनीत येण्यापूर्वी उमेदवाराने १५ मिनिटांत २.४ किलोमीटर धावावे, जोर व बैठे उठाव किमान २०, आडव्या दांड्यावर हनुवटी वर नेणे किमान ८ वेळा, दोरावर ३ ते ४ मीटर चढावे आणि दोरीच्या उड्यांचा सराव ठेवावा, अशा आशयाचा उपदेश पुढे अधिकृत माहितीपत्रकांतून वाचावयास मिळतो. आपल्या दादरच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्याचा घेर सुमारे १.१७ किलोमीटर आहे, म्हणजे दोन फेऱ्या आणि वर थोडेसे. आम्ही भर पावसात छत्री घेऊन कट्ट्यावर बसत असू आणि मनगटी घड्याळाने वेळ पाहत असू. दोरासाठी निराळा गुरू शोधावा लागला नाही. ज्याने लहानपणी दोराचा मल्लखांब केला आहे त्याला दोराचे भय कसले? मल्लखांब मुंबईत मुलामुलींना अल्प फीत शिकता येतो आणि आपले पालक त्याला ‘जुनाट’ म्हणून नाक मुरडतात, ही खेदाची गोष्ट आहे.

नवे कातडी बूट मात्र पहिल्या आठवड्यात पाय सोलून काढतात. म्हणून त्याने ते तीन आठवडे आधी घेऊन चाळीच्या गॅलरीत रोज संध्याकाळी घालून चालावे, असे ठरले. खालच्या मजल्यावरील आजोबांनी दोन दिवस तक्रार केली; कारण कळल्यावर तिसऱ्या दिवशी तेच वेळ झाली की वर हाक मारू लागले. दाढ किडली होती, ती भरून घेतली. प्रबोधिनीत शिक्षण इंग्रजीतून चालते आणि भोजनगृहात काटाचमचा हाती घ्यावा लागतो, ह्या दोन गोष्टींची मराठी शाळेतील मुलास तलवारीपेक्षा अधिक धास्ती असते. पहिलीवर उपाय म्हणजे रोज इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचणे. दुसरीवर आम्ही परळच्या एका इराण्याच्या हॉटेलात उपाय केला. तीन दिवस आम्लेट मागवून दोघांनी काट्याचमच्याने खाल्ले. शेजारच्या टेबलावरचे लोक पाहत होते. आमचे आम्लेट दोनदा बशीबाहेर गेले, त्याचे एकदाच.

पैशाचा प्रश्न अगदीच नव्हता असे नाही. शिक्षण मोफत असले तरी मुलाच्या हातखर्चाचा आणि काही किरकोळ वस्तूंचा भार पालकांवर असतो आणि आरंभी काही रक्कम भरावी लागते. ज्यांचे उत्पन्न कमी आहे त्यांस ह्या हातखर्चासाठी शासकीय साहाय्य मिळू शकते. अंतिम निवड होताच जिल्हाधिकाऱ्यांमार्फत अर्ज करावयाचा असतो. मुंबई शहराचे जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टात जुन्या जकातघरात आहे. ही एक ओळ ठाऊक नसल्यामुळे किती घरांनी सावकाराचे किंवा नातलगांचे उंबरे झिजविले असतील! त्या वेळी आम्हांसही ती ठाऊक नव्हती. चाळीने वर्गणी काढली. खानावळीत पूर्वी जेवणाऱ्या, तोवर गावी गेलेल्या एका कामगाराने ५१ रुपयांची मनिऑर्डर पाठविली.

जाता जाता एक गोष्ट आपल्या वधूवर सूचक समितीच्या कानी घालतो. उमेदवार अविवाहित असावा लागतो आणि शिक्षण पुरे होईपर्यंत विवाह करणार नाही असे त्यास मान्य करावे लागते. खडकवासल्याची ३ वर्षे आणि पुढे डेहराडून, दुंडिगल किंवा एळिमला येथील वर्ष धरले तर ४ वर्षे होतात. निवडपत्राची बातमी फुटताच पत्रिका घेऊन येणाऱ्या मंडळींनी हा हिशेब ध्यानी ठेवावा.

गाडीच्या आदल्या दिवशी ट्रंक रंगवून घ्यावयाची होती. लालबागला पाट्या रंगविणारा एक पेंटर होता. ट्रंकेवर नाव इंग्रजी अक्षरांत हवे होते, पण आईला इंग्रजी वाचता येत नव्हते. म्हणून पेंटरने प्रथम खडूने मराठीत लिहून दाखविले. मुलाचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव. त्याने ते मोठ्याने वाचले आणि विचारले, “बाई, बरोबर आहे ना?” बाईंनी पदर पुढे ओढला आणि मान हलविली. आम्ही म्हटले, “वहिनी, नीट बघून सांगा. ह्या वेळी मी शेजारणीला विचारणार नाही.” तेव्हा त्या खाली वाकल्या, मधल्या शब्दाच्या प्रत्येक अक्षराखाली बोट नेऊन त्यांनी तो मनातल्या मनात वाचला, आणि म्हणाल्या, “हेच.” दुसऱ्या दिवशी पहाटे दादरला पाऊस कोसळत होता. इंद्रायणी एक्सप्रेस सुटताना मामांचे म्हणणे आम्हांस आठवले. मुलाने मागे वळून पाहिले किंवा कसे, हे आम्हांस सांगता येत नाही. चष्म्यावर पाणी होते. तो यथाकाल भूदलात अधिकारी झाला. याहून अधिक लिहू नये, अशी त्याने आम्हांस ताकीद दिली आहे.

आज साधने पुष्कळ वाढली आहेत. सातारचे सैनिक स्कूल, देशातील पहिले, २३ जून १९६१ पासून चालू आहे. दहावीनंतर मुलांची तयारी करून घेणारी शासनाची सेवापूर्व शिक्षणसंस्था १९७७ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, निघाली. सर्वांत मोठा बदल मुलींचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर त्यांस प्रबोधिनीच्या परीक्षेस बसता आले, २०२२ साली पहिल्या तुकडीच्या मुली दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ रोजी त्यांपैकी १७ जणी दीक्षान्त संचलनातून बाहेर पडल्या. मुलीस धाडावे की न धाडावे यावर आपल्या ज्ञातीत दोन मते आहेत. आमचे मत विचाराल तर, जिने कट्ट्याच्या दोन फेऱ्या १५ मिनिटांत पुऱ्या केल्या तिला अडविणारे आपण कोण?

गेल्या महिन्यात लालबागहून एक दांपत्य आपल्या कन्येस घेऊन आमच्याकडे आले. तिची परीक्षा अद्यापि व्हावयाची आहे. अर्ज नुकताच भरावयास घेतला होता. वडील अभ्यासाच्या पुस्तकांची यादी मागत होते. आम्ही यादी बाजूस ठेवली आणि तिचे शालान्त प्रमाणपत्र, आधारपत्र व शिधापत्रिका मागून घेतली. तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले, चष्मा पुसला, आणि नावे एकेक अक्षर ताडून पाहावयास बसलो. आधारपत्रावर पित्याच्या नावात एक वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ झालेली आढळली. अर्जाची मुदत संपावयास अजून अकरा दिवस होते.